धुराड्याची गोष्ट



चिमणी म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात. एक अंगणात दाणे टिपणारी. दुसरी रॉकेलची, जिच्या उजेडात आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पाढे पाठ केले. आणि तिसरी गिरणीची, उंच, भोंग्याच्या सोबतीने उभी असलेली. राहत्या घराच्या भिंतीत बांधलेली चौथी चिमणी आपल्याकडे फारशी नव्हतीच. कोकणातल्या आमच्या कौलारू घरात चुलीचा धूर आपला आपण वर जायचा, जाता जाता वासे काळे करायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. फुंकणी फुंकून आजीचे डोळे लाल व्हायचे, पण धुराला वेगळी वाट बांधून द्यावी असं घरात कुणाला सुचलं नाही.

या चौथ्या चिमणीला मराठीत धुराडं असा छान शब्द आहे. या लेखात मी तोच वापरणार आहे, कारण त्यात धूर आहे आणि आजची गोष्ट धुराचीच आहे.

निमित्त झालं लेकीच्या घराचं. धाकटी लेक, जावई आणि नातू अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात राहतात. घर १९३८ सालचं, लाकडी. एका बाजूला बाहेरच्या भिंतीला लागून विटांचं धुराडं आणि दिवाणखान्यात त्याची फायरप्लेस. घर तापतं ते तळघरातल्या तेलाच्या भट्टीवर, पण ती भट्टी चालायला वीज लागते. त्या भागात डिसेंबर २००८ मध्ये मोठं बर्फवादळ झालं होतं. फांद्या आणि तारा बर्फाच्या ओझ्याने तुटल्या, राज्यातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काहींची तर दोन आठवडे आली नाही. शेजारची मंडळी अजूनही त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. म्हणून या दोघांनी ठरवलं, की फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवून घ्यायचा. त्याला तिकडे 'इन्सर्ट' म्हणतात.

इन्सर्ट म्हणजे काय, तर काचेचं दार असलेली लोखंडी पेटी. ती फायरप्लेसच्या खोबणीत बसते. उघडी फायरप्लेस दिसायला देखणी, पण कामाला नाठाळ. तिची बहुतेक ऊब सरळ वर निघून जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. मग दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोर बसणाऱ्याचं तोंड भाजतं आणि पाठ गारठते! इन्सर्टमध्ये हवा मोजून आत घेतात, लाकूड सावकाश जळतं आणि ऊब घरात राहते.

जावयांनी मला अगदी साधा प्रश्न विचारला. "आई, खोबण तयार आहे, वर धुराडंही आहे. पेटी आत सरकवायची की झालं. यात एवढी तयारी ती कसली?"

प्रश्न वाजवी होता. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला खोड आहे, की कुठलाही नियम दिसला की तो कुणामुळे आला ते शोधायचं. शोधत गेले आणि त्या विटांच्या नळकांड्यात कित्येक शतकांचा इतिहास सापडला.

धुराडी आली, पाठोपाठ करही आला

इंग्लंडात किल्ल्यांना आणि मठांना धुराडी बाराव्या शतकापासून होती. सामान्य माणसाच्या घरात मात्र आपल्यासारखीच मध्यभागी आग आणि छपराला भोक. विल्यम हॅरिसन नावाच्या धर्मगुरूने १५७७ मध्ये इंग्लंडचं वर्णन लिहिलं. त्यात गावातले म्हातारे म्हणतात, की आमच्या लहानपणी धुराडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आता जिकडे तिकडे उभी राहिली आहेत. म्हणजे धुराडं हे त्या काळी नव्या सुखसोयीचं लक्षण होतं.

सुखसोय आली की सरकारचं लक्ष जातंच. १६६२ मध्ये दर चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसला. कर मोजणारा माणूस घरात शिरून चुलाणी मोजायचा, त्यामुळे लोक त्याच्यावर भयंकर चिडून असत. १६८९ मध्ये तो कर रद्द झाला. पण मधल्या काळात लोकांनी कर चुकवायला काय काय केलं! ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल या गावात १६८४ मध्ये आग लागून सुमारे वीस घरं जळाली आणि चार माणसं गेली. एका भटारणीने स्वतःचं धुराडं न ठेवता भिंत फोडून आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला होता, त्यातून ही आग लागली असं सांगितलं जातं. दोन शिलिंग वाचवायला गेली आणि गाव जळालं. धुराड्याच्या इतिहासात हा धडा पुन्हा पुन्हा येतो.

धुराड्यातली मुलं

त्याआधी १६६६ मध्ये लंडनची मोठी आग झाली होती. नंतर घरं विटा-दगडांचीच बांधायची असा कायदा आला. कोळशाचा वापर वाढला. कोळशाच्या आगीला अरुंद नळी बरी पडते, म्हणून धुराडी अरुंद आणि वाकडीतिकडी होत गेली. नऊ इंच बाय चौदा इंच हे नेहमीचं माप. मंडळी, एक पट्टी घेऊन हे माप जमिनीवर आखून बघा. त्यात माणूस मावत नाही. मूल मावतं.

आणि मुलंच चढवली गेली. अनाथ, गरिबाघरची, पाच-सहा वर्षांचीसुद्धा. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवत वर चढायचं आणि काजळी खरवडून खाली पाडायची. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने लिहिलं, की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचं मूळ अंगाला चिकटून राहणाऱ्या काजळीत आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे दाखवणारी ही पहिली नोंद मानली जाते.

कायदे झाले नाहीत असं नाही. १७८८ मध्ये ठरलं, की आठ वर्षांच्या आतलं मूल उमेदवार म्हणून ठेवायचं नाही. १८३४ मध्ये वय वाढवलं. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला बंदी झाली. १८६४ मध्ये आणखी एक कायदा. सगळे कागदावर! अंमलबजावणी करायला कुणी नव्हतं, आणि बड्या घरांतल्या बायकांना ब्रशपेक्षा मुलाने केलेली सफाई जास्त पसंत होती. विशेष म्हणजे काठ्या एकात एक अडकवून वर सरकवायचा ब्रश जॉर्ज स्मार्टने १८०३ मध्येच तयार केला होता. उपाय हाताशी असताना पुढे सत्तर वर्षं मुलं चढत राहिली.

शेवटी १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथे एका इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण थोड्याच वेळात तो गेला. त्याच्या मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी नवा कायदा मंजूर करून घेतला. धुराडी साफ करणाऱ्याने पोलिसांकडून परवाना घ्यायचा आणि पोलिसांनी कायदा पाळला जातो की नाही हे बघायचं. तेव्हा कुठे मुलं धुराड्याबाहेर आली.

वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना गिरण्या, खाणी, वाफेचं इंजिन सगळं यायचं. हा मुलगा पाठ्यपुस्तकात नव्हता. असायला हवा होता.

फ्रँकलिनची पेटी

आता अमेरिकेत जाऊ, कारण इन्सर्टचा पूर्वज तिथला. बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियात छापखाना चालवत होता. १७३५ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रात आगीपासून बचावाबद्दल लिहिलं. त्यात एक सूचना अशी, की धुराडी साफ करणाऱ्यांना महापौरांनी परवाना द्यावा आणि साफ केल्यापासून पंधरा दिवसांत धुराडं पेटलं तर दंड त्या साफ करणाऱ्याने भरावा. बघा, इंग्लंडला परवान्यापर्यंत पोचायला आणखी एकशेचाळीस वर्षं लागली!

याच फ्रँकलिनने १७४२ च्या सुमारास एक लोखंडी पेटी तयार केली आणि १७४४ मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. लाकडाची टंचाई होत होती, उघड्या फायरप्लेसमध्ये ऊब वाया जात होती, म्हणून फायरप्लेसमध्येच बसेल अशी ही पेटी. गव्हर्नरने एकस्व देऊ केलं, ते त्याने नाकारलं. इतरांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तसा आपल्या शोधाचा इतरांना व्हावा, असं त्याचं म्हणणं.

पण या पेटीत एक गोम होती. जास्तीत जास्त ऊब काढून घेण्यासाठी फ्रँकलिनने धूर आधी खाली नेऊन मग मागून धुराड्यात सोडला. धूर गार झाला. आणि गार धूर वर चढायला तयार होईना. पेटवायला त्रास, खोलीत धूर. पुढे डेव्हिड रिटनहाऊसने नळीची मांडणी बदलून धूर सरळ वर नेला, तेव्हा स्टोव्ह नीट चालू लागला. लोकांनी नाव मात्र फ्रँकलिनचंच ठेवलं.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे चटकन कळेल. बंबाच्या मधल्या नळीत निखारे चांगले फुलले की तो स्वतःच हवा ओढतो आणि धूर सरळ वर जातो. गार बंबात ओली लाकडं घातली की मोरी धुराने भरते. धूर वर जातो तो गरम असतो म्हणून. धुराडं हे नुसतं भोक नाही, ते एक यंत्र आहे आणि ते उष्णतेवर चालतं.

फ्रँकलिननंतर मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्याने खोबण उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. ऊब वाढली, धूर कमी झाला. दोघांनाही हवी होती बचतच. पण रम्फर्डने धुराड्यालाही हात घातला.

१९७३ ची पुनरावृत्ती

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. न्यू इंग्लंडमधली घरं तर तेलावरच तापणारी. लोकांनी पुन्हा लाकडाकडे धाव घेतली. घट्ट दाराचे, हवा कमी घेणारे लोखंडी स्टोव्ह धडाक्याने विकले जाऊ लागले, आणि जुन्या फायरप्लेसमध्ये सरकवायचे इन्सर्टही. रात्री लाकडं भरायची, हवा बंद करायची, सकाळपर्यंत धुमसत ठेवायचं. मोठी बचत!

आणि फ्रँकलिनची गोम पुन्हा हजर झाली. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर वाफ आणि डांबरी द्रव्यांनी भरलेला असतो. धुराड्यात तो साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली गेला की भिंतीवर साचतो. त्या थराला क्रिओसोट म्हणतात. आधी काजळीची पूड, मग कुरकुरीत पापुद्रे आणि शेवटी डांबरासारखा चकचकीत लेप. हा लेप म्हणजे धुराड्यात साठवलेलं इंधनच. एखाद्या दिवशी ठिणगी वर गेली की धुराडं आतून पेटतं, आणि तेव्हा तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकतं. विटांमागचं लाकूड त्या उष्णतेने पेट घेतं. लोकांनी बचत केली ती खाली, आग लागली ती वर.

नियम त्यातून आले. आधीही होतेच, पण आता लोक ते वाचू लागले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नव्या स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली. २०१५ मध्ये ती कडक केली आणि २०२० पासून तासाला साधारण दोन ग्रॅम कणांवर आणली. नवे स्टोव्ह धूर पुष्कळसा आतच जाळून टाकतात. पण ऊब अधिक काढून घेतल्यामुळे वर जाणारी हवा गारच असते, म्हणून धुराडं नीट करणं टळत नाही.

तर तयारी ती ही

सप्टेंबरात धुराडी तपासणारा माणूस आला. त्याने आधी ब्रशने काजळी काढली, मग सळईला बांधलेला छोटा कॅमेरा वर सोडला. आम्ही सगळे पडद्याभोवती. खालच्या भागात तोच चकचकीत काळा लेप. आधीच्या मालकाने कधीतरी एक इन्सर्ट नुसता सरकवून कित्येक हिवाळे वापरला होता, हे त्या लेपावरून कळलं. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर मातीच्या नळ्यांच्या अस्तराला उभ्या चिरा. एका ठिकाणी तुकडा निखळलेला, आणि मागे नुसती वीट.

लेकीने विचारलं, "या भिंतीच्या पलीकडे नक्की काय आहे?" आणि उत्तर तिचं तिलाच सुचलं. नातवाचा पलंग.

चिरेतून उष्णता जाते, तसा कार्बन मोनॉक्साइडही जातो. त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

त्या माणसाने मग गणित मांडलं. मी सातवीच्या वर्गात घालावं असंच होतं ते. इन्सर्टच्या नळीचा व्यास सहा इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. धुराड्याचं आतलं माप ११ बाय ११, म्हणजे १२१. चौपटीहून जास्त! नियम सांगतो, की धुराड्याचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या नळीच्या तिपटीहून मोठं नको, आणि धुराडं बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीहून. कारण एवढ्या प्रशस्त, गार जागेत धूर पसरतो, मंदावतो, थिजतो. फ्रँकलिनची गोम आता चौरस इंचात मांडली गेली होती.

उपाय म्हणजे लायनर, पोलादाची लवचीक, न गंजणारी नळी. सहा इंचांची, इन्सर्टपासून थेट धुराड्याच्या टोकापर्यंत अखंड, आणि भोवती उष्णतारोधक पांघरूण. धूर गरम राहतो, चिरा निरुपद्रवी होतात, आणि पुढे सफाईही सोपी. पण त्याआधी तो काळा लेप पुरता काढून टाकायचा. जुनी लोखंडी झडप काढायची, म्हणजे नळीला वाट मिळते. नळीभोवतीची मोकळी जागा झडपेच्या जागी पत्रा आणि खनिज लोकर घालून बंद करायची, नाहीतर सगळी ऊब विटांना. राख टाकायचं जुनं दार सील करायचं. चौकटीची तुळई किंवा वासे विटांना चिकटून नाहीत ना, ते बघायचं. इन्सर्टच्या पुढे न जळणारी फरशी निदान सोळा इंच हवी, मोठ्या खोबणीला वीस. बनवणाऱ्याने याहून जास्त सांगितलं असेल तर तेच प्रमाण. धुराड्याचं टोक छपरातून निघतं तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. वर टोपी, म्हणजे पाऊस आणि खारी आत येत नाहीत.

खर्चाचा आकडा ऐकून जावई गप्प झाले. लायनर आणि मजुरी मिळून जवळजवळ इन्सर्टच्याच किमतीला जाऊन भिडत होती. ते म्हणाले, "या वर्षी इन्सर्ट बसवू, लायनर पुढच्या वर्षी." दोन दिवस घरात हीच चर्चा. मी मध्ये पडले नाही. लेकीनेच शेवटी सांगितलं, "आधी लायनर. पैसे कमी पडले तर इन्सर्ट पुढच्या वर्षी." मला फार बरं वाटलं.

पैसे पुरले. दोन्ही झालं. काम संपल्यावर त्या माणसाने फायरप्लेसच्या आत, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी धातूची एक छोटी पट्टी ठोकली. त्यावर लिहिलं होतं, की इन्सर्टसाठी या फायरप्लेसमध्ये फेरबदल केलेले असू शकतात, पुन्हा उघडी आग पेटवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावी. ही पट्टी लावणं नियमातच आहे. मला ती फार आवडली. पन्नास वर्षांनी या घरात कोण राहत असेल माहीत नाही. पण त्या अनोळखी माणसासाठी कुणीतरी निरोप ठेवला आहे. आधीच्या मालकाने एवढंच केलं असतं तर?

आग डोळ्यांसमोर असते, म्हणून माणूस तिला जपतो. धुराडं भिंतीत लपलेलं, म्हणून त्याचा खर्च नेहमी पुढच्या वर्षी. चर्चिल गावात तेच झालं, १९७३ नंतरही तेच. आणि मधली शंभर वर्षं तर जे कुणाला दिसत नव्हतं, त्यात मुलंच कोंबली गेली. आज ती किंमत एक कॅमेरा आणि एक पोलादी नळी एवढ्यावर आली आहे. ती मोजताना कुरकुर करू नये असं मला वाटतं.

बॉस्टन, टोरांटोकडच्या भाच्यांनो, तुमच्यापैकी दोघांनी फायरप्लेसचे फोटो पाठवले आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. घरातली फायरप्लेस विटांची आहे की कारखान्यात बनलेली पत्र्याची, ते आधी बघा. पत्र्याची असेल तर वाटेल तो इन्सर्ट तिच्यात चालत नाही. धुराडं दरवर्षी तपासून घ्या. लाकूड चिरून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं निदान वर्षभर वाळवा. त्यात पाणी वीस टक्क्यांच्या आत हवं, ते मोजायचं छोटं यंत्र बाजारात मिळतं. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा, तिच्यात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. आणि झोपायच्या प्रत्येक खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावा. आजच लावा, थंडीची वाट बघू नका.

असो. लेख लांबला. तुमच्याकडे बंबाच्या, चुलीच्या किंवा धुराड्याच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.